किंबर्लीचा किनारा : बंदर नाही, बाजार नाही, तरीही धंदा

दहा रात्रींच्या समुद्रसफरीसाठी माणशी पंधरा हजार ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे आपल्या हिशेबाने साडेआठ ते नऊ लाख रुपये. ही सुरुवातीची किंमत झाली. वरच्या मजल्यावरची मोठी खोली हवी असेल, जहाजावर स्वतःचे हेलिकॉप्टर हवे असेल, तर आकडा याच्या दुपटीच्याही पुढे जातो. एवढे पैसे मोजून गिऱ्हाईक जिथे जाते तिथे शहर नाही, दुकान नाही, रस्ता नाही, जहाज लावायला धक्कासुद्धा नाही. पाण्यात मगरी असल्यामुळे पोहायचीही सोय नाही. तरीही या सफरींच्या जागा अनेक महिने आधी भरतात. भिवंडीचा यंत्रमागवाला किंवा मिरजेचा तंतुवाद्य बनवणारा कारागीर विचारील की याच्याशी आमचा काय संबंध? संबंध आहे. ज्या किनाऱ्यावर हा धंदा चालतो, तिथे याच्या आधी दोन मोठे धंदे होऊन गेले आणि त्या दोन्हींत मुसलमान व्यापारी, खलाशी व पाणबुडे होते. धंदा कसा उभा राहतो, कोणाच्या हातून निसटतो आणि कोणाच्या हातात जातो, हे पाहायचे तर या किनाऱ्याइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

हा किनारा ऑस्ट्रेलियाच्या वायव्य टोकाला, किंबर्ली नावाच्या प्रदेशात आहे. प्रदेशाचे क्षेत्रफळ सुमारे ४ लाख २३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्रापेक्षा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक मोठे. वस्ती मात्र सगळी मिळून चाळीस हजारांच्या आत-बाहेर, आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. पश्चिमेला ब्रूम हे गाव, पूर्वेला दूरवर डार्विन शहर, आणि मधल्या किनाऱ्यावर अडीच हजारांहून अधिक बेटे, लाल दगडाचे कडे, खारफुटी आणि खाड्या. किनाऱ्यापर्यंत जाणारी सडक जवळपास नाहीच. सफरीची जहाजे ब्रूमहून निघून डार्विनला पोहोचतात किंवा उलट दिशेने येतात.

भरती-ओहोटीवर चालणारे वेळापत्रक

या धंद्याचे मर्म समजायचे तर आधी तिथले पाणी समजले पाहिजे. आपल्या मुंबईच्या किनाऱ्यावर मोठे उधाण आले की पाणी पाच मीटरच्या आसपास चढते आणि महापालिका लोकांना सावध करते. किंबर्लीच्या किंग साउंड या आखातात भरती-ओहोटीतला फरक अकरा मीटरच्याही वर जातो. सहा तासांत तीन-साडेतीन मजली इमारतीएवढे पाणी चढायचे आणि पुढच्या सहा तासांत तेवढेच उतरायचे.

टॅल्बट उपसागरात डोंगराच्या दोन समांतर भिंतींना दोन अरुंद खिंडी आहेत, एक सुमारे वीस मीटर रुंद आणि दुसरी दहा. पाणी इतक्या झपाट्याने चढते-उतरते की या खिंडींतून जायला त्याला वेळ पुरत नाही. भिंतीच्या एका बाजूला पाण्याची पातळी उंच आणि दुसऱ्या बाजूला खाली राहते, आणि मधून आडवा धबधबा वाहू लागतो. भरती फिरली की धबधब्याची दिशाही फिरते. जगात फार ठिकाणी असे दृश्य नाही. पुढे मॉन्टगोमेरी नावाचा प्रवाळाचा विस्तीर्ण खडक आहे, सुमारे चारशे चौरस किलोमीटरचा. भरतीत तो दिसतही नाही. ओहोटी लागली की समुद्रातून जमीन वर यावी तसा तो उघडा पडतो आणि त्याच्या अंगावरून शेकडो ओहोळ खाली कोसळू लागतात. प्रवाशाला ही गंमत दाखवायची तर जहाज बरोबर त्या तासाला तिथे पाहिजे. म्हणून या जहाजांचे वेळापत्रक कंपनीच्या मुख्य कचेरीत बसून ठरत नाही. कप्तान भरतीचे कोष्टक पाहून रोजच्या रोज ठरवतो. प्रवाशाला पहाटे पाचला उठवावे लागले तर उठवतात, आणि लाखो रुपये भरलेला माणूस तक्रार न करता उठतो. माल चोख असला की गिऱ्हाईक वेळ पाळते, हे आमच्या बेकरीवाल्यांना सांगायची गरज नाही.

धक्का नसल्यामुळे किनाऱ्यावर उतरायचे ते हवा भरलेल्या रबरी होड्यांतून. झोडियाक या फ्रेंच कंपनीच्या नावानेच त्या जगभर ओळखल्या जातात. तळ सपाट, वजन हलके, खडकावर घासली तरी लाकडी होडीसारखी फुटत नाही. एका होडीत दहा-बारा माणसे बसतात. असा प्रवास धंदा म्हणून सुरू करण्याचे श्रेय लार्स-एरिक लिंडब्लाड या स्वीडनमध्ये जन्मलेल्या व्यावसायिकाला दिले जाते. १९६६ मध्ये त्यांनी सामान्य प्रवाशांना अंटार्क्टिकाला नेले आणि १९६९ मध्ये खास या कामासाठी फिनलंडमध्ये जहाज बांधून घेतले. ते जहाज पुढे मालक बदलत गेले आणि नोव्हेंबर २००७ मध्ये अंटार्क्टिकाजवळ बर्फावर आदळून बुडाले. जहाजावरची सर्वच्या सर्व १५४ माणसे वाचली. जहाज बुडाले, पण धंदा बुडाला नाही.

किंबर्लीत आज लहान-मोठी अनेक जहाजे फिरतात. 'ट्रू नॉर्थ' हे ब्रूमच्याच एका कंपनीचे जहाज फक्त ३६ प्रवासी घेते. फ्रेंच कंपनीचे 'ल लापेरूझ' १८४ प्रवाशांचे आहे. 'सीबोर्न पर्सूट' हे २०२३ मध्ये बांधून झालेले जहाज २६४ प्रवासी नेते. मोठे जहाज म्हणजे नफा मोठा, असा आपला सर्वसाधारण समज. इथे तो पुरता खरा ठरत नाही. किंग जॉर्ज नदीच्या मुखाशी वाळूचा बांध आहे. लहान जहाज भरतीच्या पाण्यावर तो ओलांडून आत जाते आणि उंच कड्यांमधून थेट ऐंशी मीटर उंचीच्या जोडधबधब्यापाशी पोहोचते. मोठ्या जहाजाला बाहेर नांगर टाकून प्रवाशांना होड्यांतून तासभर आत पाठवावे लागते. साहजिकच छत्तीस प्रवाशांचे जहाज सर्वांत महाग असते. लहान असणे हीच त्याची पुंजी आहे.

आणखी एक हिशेब लक्षात घेण्यासारखा आहे. किंबर्लीचा हंगाम साधारण मे ते सप्टेंबर. नोव्हेंबरपासून पावसाळा आणि चक्रीवादळे. मग करोडो डॉलरचे जहाज उरलेले सहा महिने काय करते? ते अंटार्क्टिकाकडे किंवा न्यूझीलंडच्या बाजूला जाते, कारण दक्षिणेकडचा उन्हाळा तेव्हाच सुरू होतो. या ठिकाणाहून त्या ठिकाणी जहाज नेण्याचा जो महिनाभराचा प्रवास, तोही रिकामा जाऊ देत नाहीत. 'सागरी सफर' म्हणून त्याचीही तिकिटे विकतात. आपल्याकडे लग्नसराई संपली की मंडपवाल्याचे सामान गोदामात धूळ खात पडते. त्याने हे वाचावे.

मोजदाद चुकली तर

या धंद्यात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे माणसे मोजणे. जहाजावरून उतरताना किती उतरले आणि परत चढताना किती चढले, एवढेच. कुठे बिल्ला उलटून ठेवतात, कुठे यंत्रात कार्ड दाखवतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्याच दुसऱ्या किनाऱ्यावर, क्वीन्सलँडच्या लिझर्ड बेटावर, अशाच एका सफरीतली ऐंशी वर्षांची प्रवासी स्त्री मागे राहिली आणि जहाज निघून गेले. चूक लक्षात आल्यावर जहाज परतले, शोध घेतला गेला, दुसऱ्या दिवशी तिचा मृतदेह सापडला. साठ दिवसांची नियोजित सफर रद्द झाली. हेलिकॉप्टर, शास्त्रज्ञ, नामांकित आचारी हे सारे असून उपयोग काय, जर शेवटची हजेरी नीट लागली नाही? हज-उमऱ्याच्या सहली नेणाऱ्या आमच्या बंधूंना हे मुद्दाम सांगावेसे वाटते. वृद्ध माणसे त्यांच्याही भरवशावर असतात.

याच किनाऱ्यावरचा पहिला व्यापार

किंबर्लीच्या सफरीत प्रवाशांना युरोपियन दर्यावर्दींच्या कथा भरपूर ऐकवल्या जातात. केअरनिंग उपसागरात गोरखचिंचेच्या जातीचे एक जुने झाड आहे. १८२० साली फिलिप पार्कर किंग यांचे 'मरमेड' हे सर्वेक्षणाचे जहाज गळू लागले, तेव्हा ते किनाऱ्यावर कलते करून दुरुस्त केले गेले, आणि त्या मुक्कामात जहाजाचे नाव व साल या झाडाच्या खोडावर कोरले गेले. झाड वाढले तशी अक्षरेही रुंद झाली. दोनशे वर्षांनंतर आजही ती वाचता येतात आणि त्यांच्यापाशी उभे राहून प्रवासी छायाचित्रे काढतात.

पण किंग यांच्या कितीतरी आधीपासून या किनाऱ्यावर दुसऱ्या लोकांची गलबते येत होती. ते होते आजच्या इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या मकासार बंदराचे मुसलमान दर्यावर्दी. किंबर्लीला ते 'कायु जावा' म्हणत आणि पूर्वेकडच्या आर्नहेम लँडच्या किनाऱ्याला 'मारेगे'. अठराव्या शतकात तरी त्यांचा हा व्यापार नियमित चालू होता, असे इतिहासकार सांगतात. डिसेंबरच्या सुमारास वायव्येचे मोसमी वारे सुरू झाले की गलबते निघत आणि एप्रिलच्या सुमारास वारा आग्नेयेचा झाला की परत फिरत. आजची ऐषआरामी जहाजे येतात तो काळ याच्या बरोबर उलटा. मकासारवाल्यांना वारा हवा होता, यांना कोरडे आकाश हवे असते.

ते येत समुद्रकाकडीसाठी. उथळ समुद्राच्या तळाशी पडून असलेला हा जाडसर, काकडीसारखा प्राणी आपल्याकडे कोणी खात नाही. चीनमध्ये मात्र त्याला मोठी मागणी होती आणि आहे. गोळा केलेला माल किनाऱ्यावरच पोट चिरून साफ करायचा, मोठ्या लोखंडी कढयांत उकळायचा, खारफुटीच्या सालीचा रंग चढवायचा, मग बांबू-वेताच्या शेडमध्ये धुरी देऊन वाळवायचा. नीट तयार झालेला माल महिनोन् महिने टिकतो. नीट न झालेला वाटेतच सडतो आणि सगळा हंगाम बुडतो. म्हणजे हा केवळ गोळा करून आणण्याचा धंदा नव्हता, प्रक्रियेचे हुन्नर त्यात होते. मकासारमधले व्यापारी आगाऊ पैसा व शिधा देत, गलबताचा नाखवा माणसे जमवी, आणि परत आल्यावर माल चीनच्या बाजारात जाई. कढया ठेवायला रचलेल्या दगडांच्या ओळी आर्नहेम लँडच्या किनाऱ्यावर अजून दिसतात. खलाशांनी जेवणात वापरलेल्या चिंचेचे चिंचोके जिथे पडले तिथे चिंचेची झाडे उगवली, आणि आज संशोधक त्या झाडांवरून जुन्या तळांच्या जागा ओळखतात.

फेब्रुवारी १८०३ मध्ये मॅथ्यू फ्लिंडर्स हा इंग्रज कप्तान ऑस्ट्रेलियाची प्रदक्षिणा करत असताना त्याला आर्नहेम लँडच्या टोकाशी सहा गलबते नांगरलेली दिसली. त्याला आधी वाटले, हे चाचे असावेत. निघाले व्यापारी. त्यांचा म्होरक्या पोबासू नावाचा वयस्क नाखवा होता. फ्लिंडर्सच्या जहाजावरचा मलायी स्वयंपाकी दुभाषा झाला. पोबासूने सांगितले की आपण या किनाऱ्यावर सहा-सात वेळा आलो आहोत, आणि या हंगामात साठ गलबते व हजार माणसे आली आहेत. ज्या किनाऱ्याचा 'शोध' लावायला इंग्रज आला होता, तिथे हजार माणसांचा हंगामी बाजार भरलेला होता! फ्लिंडर्सने हेही नोंदवले आहे की ही माणसे मुसलमान होती व होडीतली डुकरे पाहून त्यांना शिसारी आली. पुढे तो असेही लिहितो की दारूला मात्र त्यांनी नकार दिला नाही. लिहिले आहे ते आम्ही दोन्ही सांगितले.

स्थानिक आदिवासींशी या व्यापाऱ्यांचे संबंध सगळीकडे सारखे नव्हते. किंबर्लीत खटके उडत, पूर्वेकडे मात्र देवघेव बरीच रुजली. तांदूळ, तंबाखू, कापड, लोखंडी कुऱ्हाडी द्यायच्या, आणि कासवाची ढाल, मोती व काम करण्याची मुभा घ्यायची. काही आदिवासी मकासारपर्यंत जाऊनही आले. आर्नहेम लँडच्या योळ्ङु लोकांच्या भाषेत आजही पैशाला 'रुपिया' म्हणतात. आपल्या रुपयाचाच हा दूरचा भाऊ, गलबतात बसून तिथवर गेलेला. गोऱ्या माणसाला ते 'बलांदा' म्हणतात. तो शब्द 'हॉलंडर'वरून मकासारवाल्यांच्या तोंडून आला.

हा व्यापार बुडाला तो माल संपला म्हणून नव्हे, मागणी घटली म्हणूनही नव्हे. १८८० नंतर वसाहतीच्या सरकारने जकात आणि परवाना फी लावली. १९०६ मध्ये परवाने देणेच बंद केले. १९०७ मध्ये शेवटचे गलबत परत गेले. दीडशे वर्षांचा धंदा एका सरकारी ठरावाने उठला. पुढे १९८८ साली 'हाती मारेगे' नावाचे जुन्या पद्धतीचे गलबत बांधून मकासारहून आर्नहेम लँडला नेण्यात आले. योळ्ङु लोकांनी त्यांचे स्वागत नातलगांसारखे केले.

मोत्यांचा बाजार, बटणांचा नफा

दुसरा धंदा मोत्यांचा. ब्रूम गाव १८८३ मध्ये वसले तेच त्यासाठी. इथला शिंपला जेवणाच्या थाळीएवढा वाढतो. मोती क्वचित सापडे. खरा माल होता शिंपल्याचा चकचकीत थर, ज्याची बटणे युरोप-अमेरिकेतल्या सदऱ्यांना लागत. मोती निघाला तर तो वरचा नफा. १९१० च्या सुमारास ब्रूममध्ये चारशेच्या आसपास पडाव आणि साडेतीन हजार माणसे या धंद्यात होती. जपानी, चिनी, फिलिपिनो, आणि मलाया, कुपांग, मकासारकडचे मुसलमान.

या संपत्तीचा पाया फार काळा आहे. सुरुवातीच्या काळात आदिवासी स्त्री-पुरुषांना बळजबरीने पकडून, कोणत्याही साधनाशिवाय समुद्रात बुड्या मारायला लावले जाई. १८७१ च्या कायद्याने स्त्रियांना या कामावर लावण्यास बंदी केली. बंदी करावी लागली, यातच सगळे आले. पुढे धातूचे शिरस्त्राण घालून खोल बुडी मारण्याचे तंत्र आले आणि पाणी पटकन सोडून वर आल्यामुळे अंग आखडून माणसे मरू लागली. १८८७, १९०८ आणि १९३५ च्या चक्रीवादळांत पडावच्या पडाव गेले. ब्रूमच्या जपानी कबरस्तानात नऊशेहून अधिक माणसे पुरलेली आहेत. शेजारीच चिनी व मुसलमान खलाशांच्याही कबरी आहेत.

यातला एक प्रसंग कारागिराने लक्षात ठेवावा असा आहे. १९०१ पासून ऑस्ट्रेलियाने गोऱ्यांखेरीज इतरांना देशात मज्जाव करणारे धोरण घेतले. पण मोत्यांच्या धंद्याला सूट द्यावी लागली, कारण आशियाई पाणबुड्यांवाचून तो चालेना. हे काहींना खुपले. म्हणून १९१२ मध्ये इंग्लंडहून प्रशिक्षित गोरे पाणबुडे आणून त्यांना ब्रूमला कामाला लावले. त्यांच्यातले काही दगावले, उरलेल्यांना पुरेसा माल मिळेना, आणि प्रयोग गुंडाळला गेला. कायदा एका बाजूला आणि हुन्नर दुसऱ्या बाजूला अशी ही लढत होती, आणि त्या वेळी तरी हुन्नर जिंकले.

शिंपल्याचा बाजार मोडला तो शेवटी प्लास्टिकच्या बटणाने. मोत्यांची कथा वेगळी आहे आणि ती आपल्या मुंबईशी जोडलेली आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत इराणी आखातातले मोती मुंबईत येत, इथे त्यांची प्रतवारी होई, ते वेधले जात, सर ओवले जात आणि पॅरिसला रवाना होत. अरब व्यापाऱ्यांच्या पेढ्या त्यासाठीच मुंबईत होत्या. जपानने मोती 'पिकवायला' सुरुवात केली, त्यात १९२९ ची जागतिक मंदी आली, आणि तो बाजार बसला. तेच जपानी तंत्र १९५६ मध्ये किंबर्लीच्या किनाऱ्यावर कुरी बे येथे आले. गोड्या पाण्यातल्या अमेरिकन शिंपल्याचा गोल मणी कापून तो जिवंत कालवात रोवायचा आणि दोन वर्षे वाट पाहायची. आज दक्षिण समुद्राचे मोती म्हणून जे विकले जातात त्यांतले उत्तम मोती या किनाऱ्यावरचे असतात, आणि सफरीला निघण्यापूर्वी किंवा संपल्यावर प्रवासी ब्रूमच्या पेढ्यांवर ते खरेदी करतात. जहाज ज्या गावातून निघते त्या गावचा माल तिथेच खपतो. एवढे साधे गणित जमले तरी गावाचे पोट भरते.

किनारा कोणाचा?

आता मुख्य प्रश्न. जहाज फ्रेंच, प्रवासी सिडनी-मेलबर्नचे, इंधन आणि भाजीपाला डार्विनचा. मग ज्यांचा किनारा त्यांना काय?

बरीच वर्षे काहीच नाही. जहाजे यायची, गुहांतली प्राचीन चित्रे पाहायची आणि निघून जायची. ही चित्रे सामान्य नव्हेत. मोठे डोळे व तोंड नसलेला चेहरा असलेली 'वांजिना' ही आकृती तिथल्या लोकांच्या श्रद्धेचा भाग आहे, आणि तिच्या देखभालीचा हक्क विशिष्ट कुटुंबांकडे असतो. २०११ मध्ये न्यायालयाने दांबिमंगारी आणि वुनाम्बल गाम्बेरा या समाजांचा आपल्या भूमी व सागरावरचा परंपरागत हक्क मान्य केला. २०१३ मध्ये पूर्वेकडच्या बलंगारा समाजाचाही. तिथून हिशेब बदलू लागला. वुनाम्बल गाम्बेरांनी आपल्या हद्दीत उतरणाऱ्या प्रत्येक प्रवाशासाठी सशुल्क परवाना सुरू केला. फ्रेशवॉटर कोव्ह या ठिकाणी वोरोरा समाजाचे लोक स्वतः प्रवाशांच्या गालावर गेरूचा पट्टा ओढून स्वागत करतात, चित्रे दाखवायला नेतात आणि परतताना आपल्या हाताने काढलेली चित्रे विकतात. मध्ये दलाल नाही. गिऱ्हाईक होडीतून थेट कारागिराच्या दारात! बार्डी लोक मोत्याच्या शिंपल्यावर भौमितिक नक्षी कोरून त्यात गेरू भरतात. 'रिजी' नावाने हे शिंपले पूर्वी वाळवंटातून शेकडो मैल हातोहात जात. आज ती कला संग्रहालयांतही आहे आणि बाजारातही.

२०२४ मध्ये 'सीबोर्न पर्सूट'चा नामकरण सोहळा किंबर्लीतल्या एका बेटावर झाला आणि जहाजाचे धर्ममाता-पिता म्हणून वुनाम्बल गाम्बेरा समाजाला मान देण्यात आला. एरवी हा मान एखाद्या नटीला किंवा राणीला मिळतो. मान मिळाला याचा आनंद आहे. पण परवान्याची फी हा अधिक टिकाऊ मान आहे, असे आम्हाला वाटते.

आडव्या धबधब्याचे प्रकरण याहून कठीण आहे. तिथल्या मालक समाजाच्या श्रद्धेनुसार त्या खिंडींतून होड्या नेणे योग्य नाही. मे २०२२ मध्ये तिथे सहलीची होडी अपघातात सापडून बरेच प्रवासी जखमी झाले. त्यानंतर सरकार व दांबिमंगारी समाज यांच्यात विचार होऊन २०२८ पासून खिंडींतून होड्या नेणे बंद करण्याचे जाहीर झाले. धबधबा बाहेरून पाहता येईल. सफरवाल्या काहींनी ओरड केली की गिऱ्हाईक तुटेल. मालकाचे म्हणणे साधे आहे. आमचे अंगण पाहा, पण आमच्या देवघरातून गाडी हाकू नका.

आणि तिसरी बाजू, जी सफरीच्या रंगीत पुस्तिकेत सापडणार नाही. मकासारवाल्यांचे जातभाई आजही याच समुद्रात येतात. १९७४ च्या करारानुसार इंडोनेशियाच्या पारंपरिक शिडाच्या होड्यांना ऑस्ट्रेलियाच्या हद्दीतल्या ठरावीक प्रवाळ बेटांभोवती मासेमारीची मुभा आहे. इंजिन नाही, आधुनिक साधने नाहीत, ही अट. रोते बेटाचे गरीब मच्छिमार त्यावर जगतात. रेषा ओलांडली, की होडी जप्त होते आणि बहुतेकदा जाळली जाते. समुद्रकाकडी राखली पाहिजे हे खरे, प्रवाळही राखले पाहिजेत. पण एकाच समुद्रात एकाची होडी जाळली जाते आणि दुसऱ्याच्या होडीत थंड पेये वाटली जातात, हे पाहून मन स्वस्थ राहत नाही.

आमच्या मुलांसाठी

रत्नागिरी-रायगडच्या मुसलमान वस्त्यांत आजही असे घर शोधावे लागत नाही की ज्यातले कोणी बोटीवर नव्हते. पी. अँड ओ. कंपनीच्या जहाजांवर डेकचे खलाशी, टंडेल आणि सारंग पिढ्यान् पिढ्या कोकणातून जात, आणि त्या जहाजांनी ऑस्ट्रेलियाच्याही फेऱ्या केल्या. सफरीच्या जहाजांवर आजही भारतीय, फिलिपिनो व इंडोनेशियन मुले काम करतात. ऑस्ट्रेलियन मालकीच्या लहान जहाजांवर बहुतेक नोकरवर्ग तिथलाच असतो. संधी आहे ती परदेशी कंपन्यांच्या मोठ्या जहाजांवर. रबरी होडी हाकणारा, तिचे इंजिन दुरुस्त करणारा, वातानुकूलन सांभाळणारा, सुतार, आचारी, ही सगळी हाताची कामे आहेत. मुलाखतीला इंग्रजी बोलता आले पाहिजे. जहाजावर मद्य दिले जाते आणि स्वयंपाकघरात सगळे प्रकार शिजतात. कोणत्या खात्यात काम स्वीकारायचे हे ज्याने त्याने निघण्यापूर्वीच ठरवावे, भर समुद्रात नव्हे.

कागदपत्रांत पासपोर्ट, नौवहन महासंचालनालयाचे सी.डी.सी. पुस्तक, सुरक्षेचे मूलभूत प्रशिक्षण आणि वैद्यकीय दाखला लागतो. भरती करणाऱ्या एजंटाकडे महासंचालनालयाचा भरती परवाना आहे की नाही, हे त्यांच्याच संकेतस्थळावर तपासता येते. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार २००६ भारताने २०१५ मध्ये स्वीकारला आहे. त्यानुसार पासपोर्ट, वैद्यकीय दाखला आणि खलाशी पुस्तिका यांचा खर्च सोडला तर नोकरी लावून देण्याबद्दल उमेदवाराकडून एक पैसाही घेता येत नाही. दोन-तीन लाख मागणारा एजंट कितीही गोड बोलला, नमाजी असला, गावचाच असला, तरी त्याच्याकडे आधी परवान्याचा क्रमांक मागावा.